कडेनं येणारी जनावरं

२०२३ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि माझ्या गाडीवर मागं बसायला घरात फक्त माझी नात धजत होती. मुलगा नोकरीसाठी परगावी. सून सकाळी कचेरीत गेली की दिवेलागणीला घरी यायची. त्यामुळं दहावीतल्या नातीला क्लासला सोडायचं आणि संध्याकाळी घेऊन यायचं, हे काम माझ्याकडं होतं. काम कसलं, मान होता तो. म्हाताऱ्या माणसाला घरात जेवढा मान उरतो तेवढा असल्या कामातच उरतो, आणि तो मी सुखासुखी सोडणार नव्हतो.

सून मात्र दिवाळीच्या आधीपासनंच कुरकुरायला लागली होती. गाडीचा डावा आरसा एका टेम्पोला घासून फुटला होता. टेम्पो उभा होता हे मी नाकारत नाही. पण चुकीच्या जागी उभा होता.

आमच्यात सासऱ्याला मामा म्हणतात. सून म्हणाली, "मामा, ऊस सुरू झालाय. रस्त्याला ट्रॅक्टर किती हाईत बघतायसा न्हवं? पोरगी असती मागं."

"मी काय आज चालवालोय व्हय गाडी? तू जन्मायच्या आधीपास्नं चालवतोय."

"तवा रस्त्यावर हुतं कोण तुमच्याशिवाय?"

ह्या बाईला उत्तर देणं अवघड असतं. मी चहा मागितला आणि विषय मोडला.

डोळ्याचं म्हणाल तर माझी शाळा चौथीत सुटली, पण डोळ्याची शाळा चाळीसवर वर्षं चालली. मी मूळचा कोल्हापूरजवळच्या हुपरीचा. चुलत्याच्या हाताखाली चांदीचं काम शिकलो. पैंजणाच्या कड्या एकात एक ओवायच्या आणि फुंकणीनं ज्योत मारून त्यांचे जोड पक्के करायचे. जोडावरची चांदी पाण्यासारखी चमकते तो एक क्षण असतो. तो गाठला तर माल, चुकला तर कडी वितळून गोळा. चुलता चिमटा घेऊन शेजारी बसायचा. दारात कोण आलं म्हणून माझी नजर हलली की मांडीवर चिमटा बसलाच. तो सांगायचा की ज्याला कडेचं दिसतं त्याचा जोड जळतो. एक जागा धरायची आणि बाकीचं सगळं पुसून टाकायचं. मी ते इतकं शिकलो की माणसं म्हणायला लागली, ह्याच्या शेजारी साप येऊन बसला तरी ह्याला कळायचं नाही. हे कौतुक होतं. मी ते आयुष्यभर मिरवलं. आजही चष्मा लावून सुईत दोरा मी ओवतो, सुनेला जमत नाही.

तर त्या दिवाळीत सुनेचा भाऊ आला आणि एक खोकं ठेवून गेला. तो परदेशी चालला होता. खोक्यात त्याचे लहानपणापासनं जमवलेले हातात धरून खेळायचे खेळ होते. एकाच खेळाच्या पिढ्या म्हणे. जंगलात, शेतात, पाण्यात राहणारी विचित्र जनावरं धरायची, पाळायची, लढवायची. जगात हा खेळ पंचवीस-तीस वर्षं चाललाय, दर काही वर्षांनी नवी पिढी निघते आणि जनावरं वाढत जातात. भाऊ नातीला म्हणाला, "ह्यातली एक पिढी तू ठेव. बाकीच्या दिवाळी झाल्यावर येऊन नेतो, मित्राला द्यायच्या हाईत."

नातीला नवी पिढी पाहिजे होती. पण फोनवर काय काय वाचून तिचा गोंधळ उडाला होता. कुणी म्हणतो पहिली पिढी खरी, कुणी म्हणतो तिसरी, कुणी चौथी.

मी म्हणालो, "जो तो लहानपणी खेळलेलीच चांगली म्हणत असणार."

"तसंच हाय ओ आबा. मग खरं कुणाचं धरायचं?"

"माझं. मी लहानपणी ह्यातलं काहीच खेळलो न्हाय. मी पंच."

ती हसली, पण पोरीच्या डोक्यात ते बसलं. शाळेला दिवाळीची सुट्टी, क्लास दुपारी असायचा, सकाळ मोकळी. ती म्हणाली, "पंच व्हायचं तर सगळ्या पिढ्या खेळाय लागत्यात. एकावर बोट ठेवून उठायचं न्हाय." मी म्हटलं, आण.

पहिल्या पिढीचं यंत्र विटेसारखं राखाडी आणि जड. पडदा काड्याच्या पेटीपेक्षा थोडा मोठा, आणि त्यात रंग नाही, नुसतं हिरवट पाणी आणि काळ्या रेघा. खिडकीतल्या उजेडाशिवाय दिसत नव्हतं. अक्षरं इंग्रजी. पण चार जागा पाठ केल्या की झालं, इथं दाबलं की लढ, इथं दाबलं की पिशवी, इथं पळ. पळ मी कधी दाबलं नाही.

सुरुवातीलाच तीन जनावरांतलं एक घ्यायचं असतं. एक पाण्याचं, एक पाल्याचं, एक आगीचं. मी आगीचं घेतलं.

"आबा, ते नका घेऊ. पहिल्याच आखाड्यात दगडवाला हाय. आगवाला तिथं मार खातोय."

"खाऊ दे. माझी हयात आगीवर गेली."

मार खाल्ला. परत गेलो, परत खाल्ला. मग गवतात लहान जनावरांशी लढवून लढवून माझं जनावर तयार केलं आणि त्या दगडवाल्याला लोळवलं. नात म्हणाली, पाल्याचं घेतलं असतं तर पहिल्याच दमात झालं असतं. मी म्हणालो, मग त्यात माझं काय?

त्या पिढीत मला एक गोष्ट फार आवडली. जनावर गवतात दडलेलं असतं, दिसत नाही. पण अंगावर येण्याआधी पडदा लुकलुकतो आणि वेगळी चाल वाजते. म्हणजे जनावर आधी दार वाजवतं. मग समोरासमोर उभं राहतं. धावून यायचं नाही, मागनं यायचं नाही. तालमीतल्यासारखं.

दुसऱ्या पिढीत रंग आला आणि घड्याळ आलं. बाहेर अंधार पडला की खेळातही अंधार. तीही मला चालली. तिसरीचं यंत्र आडवं, तिथनं माझी चिडचिड सुरू झाली. पडदा रुंद झाला आणि खेळातला माझा माणूस सारखा कशाला तरी अडखळायला लागला. चौथीचं यंत्र करंड्यासारखं उघडायचं, वर एक पडदा आणि खाली एक. वरचं बघताना खालचं राहून जायचं.

"खाली बघा की आबा. खाली दाखवलंय सगळं."

"दोन ठिकाणी बघणारा माणूस एकाही ठिकाणी बघत नसतो," मी म्हणालो. चुलताच बोलला माझ्या तोंडून.

मग एक पिढी आली, तिच्यात चित्र पडद्याच्या आत खोल गेल्यासारखं दिसायचं, त्यात मला गरगरलं. मी एकेक पिढी बाद करत गेलो आणि प्रत्येकीचं कारण ठासून सांगत गेलो. नात सुरुवातीला भांडायची. नंतर नंतर ती कमी बोलायला लागली आणि खेळाऐवजी माझ्याकडं बघायला लागली. मला वाटलं, पोरीला पटायला लागलंय.

शेवटची पिढी मात्र माझ्या अंगावर आली. ती पाटीएवढ्या यंत्रावर होती, आणि नातीनं ते टीव्हीला जोडलं. मोठं माळरान. सांज झालेली, लांबवर डोंगर, वारा वाहतोय असा बारीक आवाज. गवतात दडणं वगैरे काही नाही. जनावरं माळावर मोकळी फिरतात, आणि त्यातली काही माणूस दिसला की धावून येतात. मी चालत होतो. माळ मोकळा होता. एकाएकी मला धडक बसली आणि एक डुकरासारखं जनावर पडद्याच्या मधोमध उभं.

"हे कुठनं आलं?"

"डावीकडनं आलं की. केवढं लांबनं पळत आलं."

"न्हवतं तिथं."

"हुतं ओ."

परत चाललो. परत तेच. माळ मोकळा, आणि मग एकदम धडक. तासभर मी खेळलो आणि मला कळेना की हा खेळ बनवणाऱ्यानं असला चोर खेळ का बनवला. ना लुकलुक, ना चाल. मी यंत्र लांब सारून ठेवलं. जनावराचं भ्या नव्हतं. त्या रिकाम्या माळाचं होतं. जिथं काहीच नाही तिथनंच सगळं येत होतं.

आणि सांगायला नको वाटतं, पण त्याच दिवसांत बाहेरही तसंच चाललं होतं. माणसं एकदम उगवायला लागली होती. दूधवाला चालता चालता माझ्यासमोर भुईतनं फुटल्यागत यायचा. कुत्रं चाकाखालनं केकाटत निघायचं. दाराची चौकट माझ्या डाव्या खांद्याला लागायची, रोजच्या घरात. ताटाशेजारचा तांब्या मी दोनदा लवंडला. माझं मत असं झालं होतं की कोल्हापुरात आता शिस्त राहिली नाही, माणसं कशीही अंगावर येतात.

शनिवारी संध्याकाळी नातीला क्लासवरनं घेतलं. आमच्या घराकडं यायच्या रस्त्याला डावीकडनं एक वाट मिळते, त्या वाटेनं ऊस येतो. ट्रॅक्टरला मागं दोन दोन ट्रॉल्या, उसाचे शेंडे दोन्ही बाजूंनी रस्त्यावर झाडल्यासारखे, आणि स्पीकरवर गाणी एवढी मोठ्यानं की छाती हादरते. गाणं मला ऐकू येत होतं. ते मागं कुठंतरी आहे असं मी धरून चाललो. रस्ता मोकळा होता. मी माझ्या डोळ्यांनी बघत होतो, मोकळा होता.

"आबा!"

नातीनं मागनं माझे दोन्ही खांदे जोरात ओढले. मी ब्रेक दाबला की गाडी आपोआप बंद पडली, मला सांगता येणार नाही. समोर ट्रॅक्टरचं पुढचं चाक होतं. हात लांब केला असता तर टायरची माती हाताला लागली असती. 

वरनं ड्रायव्हर ओरडला, "ओ पावणं! डोळं घरात ठिवून आलासा व्हय? मागं पोरगी हाय, तिचा तरी इचार करा की!"

"तू वाटेतनं बाहेर येताना हॉर्न देत जा आधी!" मी ओरडलो.

"हॉर्न? गाणं सगळ्या गल्लीला ऐकू येतंय आन तुमास्नी हॉर्न पायजे?"

ट्रॉल्या गेल्या. उसाची पानं माझ्या हँडलला घासत गेली, बराच वेळ घासत होती. घरी आल्यावर नात आईला काही बोलली नाही, ताटावर बसून भाकरीचे तुकडे करत राहिली. मी ओरडून बोलणाऱ्या माणसाला कधी भ्यालो नाही. पण त्या पोरीच्या गप्प बसण्यानं माझं जेवण उतरेना.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, क्लासला सुट्टी. दुपारी सून शेजारी फराळ द्यायला गेली होती. नातीनं टीव्ही लावला, तीच शेवटची पिढी काढली आणि यंत्र माझ्या हातात दिलं.

"ही माझी बाद झालीय," मी म्हणालो.

"एकदाच. निकाल द्यायच्या आधी एकदा."

ती माझ्या डाव्या हाताला येऊन बसली. एरवी ती समोर जमिनीवर बसायची. मी खेळायला लागलो. तोच माळ, तीच सांज. एरवी ती 'आबा, डावीकडं' असं ओरडायची. आज गप्प होती. धडक बसली. उठलो, चाललो. परत बसली.

"कुठनं येतंय हे?" मी वैतागलो.

"ते मघापास्नं तिथंच उभं हाय, आबा. तुम्ही त्याच्याकडंच चालत गेलाय."

मी मान वळवून तिच्याकडं बघितलं. ती टीव्हीकडं नाही, माझ्या डोळ्यांकडं बघत होती.

ती म्हणाली, "समोर बघा. टीव्हीकडं. मान वळवायची न्हाय. माझ्या हातात काय हाय सांगा."

"मला पारखतीस व्हय ग?"

"सांगा की."

मी टीव्हीकडं बघत राहिलो. टीव्ही दिसत होता, माळ दिसत होता, माझा माणूस उभा होता. तिचा हात कुठं आहे ते मला कळेना. हातात काय आहे हे लांबच, हात आहे का हेच कळेना. तिथं काळोख असता तर मला कळलं असतं. काळा डाग असता तरी कळलं असतं. तिथं काहीच कमी नव्हतं. माझ्या हिशेबानं सगळं जग पूर्ण होतं, फक्त नात त्यात नव्हती.

"हात पुढं आणतोय," ती म्हणाली. आमच्या कोल्हापूरच्या पोरी अशाच बोलतात, पोरांसारख्या. "दिसला की सांगा."

बराच वेळ गेला. मग एकदम माझ्या नाकासमोर तिची बोटं आली आणि बोटांत करंजी.

"हे तसंच असतं," मी म्हणालो. "माझी नजर एका जागी बसती. लहानपणापास्नं तसंच शिकवलंय. जोड मारताना कडेचं दिसून चालत न्हाय."

"पण आता तुम्ही काय जोड मारालाय व्हय, आबा? आता दिसू दे की कडेचं. बघा की मग."

मी बघितलं. जोर लावून बघितलं. चुलत्याचा चिमटा नव्हता, ज्योत नव्हती, नजर सैल सोडायची होती एवढंच. ती सैल होईना. म्हणजे सैलच होती, पण तिच्या पलीकडं काही नव्हतं. जिला मी हयातभर माझी कमाई म्हणत आलो, तिच्या आत कधीतरी दुसरंच काहीतरी येऊन बसलं होतं आणि मी त्याला माझंच समजून सांभाळत होतो. किती वर्षं, कुणाला ठाऊक.

मला राग आला. पोरीचा नाही, पण निघाला तिच्यावर. "खेळ बंद कर तो! दहावीची पोरगी आणि दिवसभर हेच. उद्या क्लासला सोडतो तवा तुझ्या सरांस्नी सांगतो."

ती उठली. टीव्ही बंद केला. आणि माझ्याकडं पाठ करून म्हणाली, "उद्या मी तुमच्या मागं बसणार न्हाय."

"काय म्हणालीस?"

"आईला मी कालचं सांगितलं न्हाय. सांगणार बी न्हाय. तुम्ही ओरडा, मारा. मला तुमचं भ्या वाटत न्हाय ओ आबा. मागं बसायचं भ्या वाटतंय."

तेवढ्यात सून आली, रिकामं ताट घेऊन. दोघांची तोंडं बघून म्हणाली, "काय झालं? कोण जिंकलं?"

मग नातच म्हणाली, "आबांनी निकाल द्यायचाय. कुठली पिढी ठेवायची."

ती मला वाचवत होती, हे मला कळलं आणि ते जास्त लागलं. मी राखाडी वीट हातात घेतली. पहिली. मघापर्यंत मी ती निवडली होती कारण ती खरी, सरळ, तालमीसारखी. आता हातात धरून खिडकीकडं वळलो तर एवढासा पडदा माझ्या डोळ्यात कड न कड बसत होता. एक कोपरासुद्धा बाहेर राहत नव्हता. मला जेवढं उरलं होतं, बरोबर तेवढीच होती ती.

"तुला जी पायजे ती ठेव," मी म्हणालो. "मी पंच न्हाय."

संध्याकाळी दारात बसलो. समोरच्या घरावर आकाशकंदील लावला होता. माझ्या डाव्या बाजूच्या घरावरही असणार, दरवर्षी असतो. मी मान वळवली नाही. तिकडनं चपला वाजल्या, कुणीतरी माझ्याजवळनं गेलं, "काय आबा, निवांत?" म्हणालं. मी "व्हय, निवांत" म्हणालो. कोण होतं ते पुढं गेल्यावर पाठीवरनं ओळखलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा न घेता मी चालत त्या वाटेच्या तोंडाशी गेलो. जिथं रस्ता मिळतो तिथं कडेला उभा राहिलो, समोर विजेचा खांब होता, त्यावर नजर धरली. पोरीच्या करंजीवर निकाल घेणारा मी नव्हतो. माझं मला बघायचं होतं. थोड्या वेळानं डावीकडनं गाणं ऐकू यायला लागलं. लांब होतं, मग जवळ आलं. पायाखालची जमीन हलायला लागली. इंजिनाचा धूर नाकात गेला. मी खांबाकडं बघत होतो आणि रस्ता मोकळा होता. गाणं कानात शिरलं, उसाचा ओला वास आला, आणि रस्ता मोकळाच होता. मग खांब एकदम नाहीसा झाला आणि त्याच्या जागी ऊसच ऊस.

घरी आलो. सून डबा भरत होती. गाडीची किल्ली तिच्यासमोर ओट्यावर ठेवली आणि म्हणालो, "पोरीला आजपास्नं रिक्षा सांग. आन कचेरीत रजा टाक."

"का वो मामा? बरं न्हाय व्हय?"

"मला डोळ्याच्या दवाखान्यात ने. गाडी तू चालव," मी म्हणालो, आणि बाहेर जाऊन तिच्या आधी मागच्या सीटवर बसलो.